लढाईच्या टेबलावरचा मिसळणाचा डबा

प्रश्न साताऱ्याहून आला आहे. थोडक्यात असा: पाच मित्र वर्षभरापासून डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून, एकेक पात्र घेऊन खेळायच्या गोष्टीच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतात. गप्पांचा, शोधाशोधीचा भाग छान रंगतो. पण चार गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, समोर आले की दीड तास जातो, ज्याची पाळी नाही तो मोबाइल काढतो आणि डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, डोक्यात सगळा गुंता होतो. बाहेरून मागवलेल्या मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती), छापील नकाशे, कार्डांचे संच महाग पडतात. तर लढाई चालवायला हाताशी नेमकं काय काय ठेवावं?

मी सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी गेली नऊ वर्षं रविवारी संध्याकाळी खेळ चालवते. सहा खेळाडू, जेवणाचं टेबल आणि मध्ये भडंगाचा डबा. तुमचा गुंता मला चांगला ओळखीचा आहे, कारण पहिली दोन वर्षं मीही त्यातच होते.

आधी एक काम करा, त्याला पैसे लागत नाहीत. पुढच्या लढाईला कुणाच्या तरी हातात वही द्या आणि लढाईत विचारला गेलेला प्रत्येक प्रश्न लिहायला सांगा. तोच प्रश्न पुन्हा आला की पुढे रेघ मारायची. आमच्याकडे हे केलं तेव्हा पान भरलं ते चार-पाच प्रश्नांनीच. "आता कुणाची पाळी?" "हा गॉब्लिन मघाचाच का?" "मी इथून तिथवर पोचते का?" "त्याला अजून किती मारायचं राहिलंय?" "ब्लेस चालू आहे ना अजून?" ब्लेस म्हणजे साथीदारांना बळ देणारा मंत्र. नियम खरोखर कळला नाही म्हणून विचारलेले प्रश्न दोन-तीनच निघाले, बाकी सगळे आठवणीचे. सात माणसांची आठवण मी एकटीच्या डोक्यात भरून बसले होते आणि जो तो ती माझ्याकडून मागून घेत होता. लढाई त्यात लांबत होती.

तेव्हापासून माझी कसोटी एकच. वस्तू टेबलावर आल्यावर वहीतला एखादा प्रश्न बंद होतो का? होत असेल तर ती राहते. नुसती देखणी असेल तर कपाटात जाते.

आता जागेबद्दल. एका दिवाळीनंतर मी हौसेनं पंधरा-सोळा प्रकारच्या वस्तू जमवल्या आणि सगळ्या एकदम टेबलावर मांडल्या. विषबाधेसाठी वेगळी चकती, भीतीसाठी वेगळी, आंधळेपणासाठी वेगळी. त्या दिवशीची लढाई नेहमीपेक्षा लांबली, कारण मी प्रत्येक चकती शोधत बसले. मग लक्षात आलं की आई फोडणी करताना मोहरीकडे बघतसुद्धा नाही, हात आपोआप त्या वाटीत जातो. म्हणून मी स्टीलचा मिसळणाचा डबा घेतला, सात वाट्यांचा. लढाईची सगळी बारीक साधनं त्यात बसली पाहिजेत, आठवी वाटी नाही. आज त्यात कवड्या आहेत, प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुचाखाली राहते ती कडी आहे, आकडे चिकटवलेली दोन रुपयांची नाणी, छोट्या बाइंडर क्लिपा, दहा बाजूंचे फासे आणि केसांचे लाल रबर. सातवी वाटी रिकामी असते. मेलेले राक्षस त्यात जातात, आणि ती भरत चालली की टेबलावरच्या मंडळींना आपण जिंकतोय हे न सांगता कळतं.

सगळ्यात आधी पाळीचा प्रश्न सोडवा, कारण वहीत सर्वाधिक रेघा त्याच्यापुढेच असतील. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घ्या. प्लॅस्टिकचे नकोत, त्यांच्यावर नीट लिहिता येत नाही. एका चिमट्यावर एका पात्राचं नाव, दोन्ही बाजूंना. राक्षसांचे चिमटे लाल शाईनं. इनिशिएटिव्हचे, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणारे, फासे पडले की चिमटे त्या क्रमानं पुठ्ठ्याच्या उभ्या पट्टीवर लावायचे आणि पट्टी सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. माझ्याकडे दोन जाड पुस्तकांच्या मध्ये उभी केलेली लाकडी फूटपट्टी आहे. खेळाडूंना नाव दिसतं. माझ्या बाजूला नावाखाली बारीक अक्षरात त्या पात्राचा एसी, म्हणजे त्याला वार लागायला किती पडायला हवेत तो आकडा, आणि पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे न शोधता त्याच्या किती लक्षात येतं तो आकडा, लिहिलेलं असतं. त्यामुळे "तुझा एसी किती?" हा प्रश्नही गेला, आणि त्याच्याबरोबर एक मोठा फायदा झाला. राक्षसाचा फासा पडल्यावर मी थेट "ढालीवर आदळून तलवार बाजूला गेली" असं सांगू शकते, मध्ये आकडा विचारावा लागत नाही.

कुणी ॲक्शन राखून ठेवली, रेडी केली, की त्याचा चिमटा पट्टीवर आडवा लावायचा. हे काम मी स्वतः करत नाही. आमच्यातला जो सर्वांत लवकर मोबाइलकडे वळायचा, त्याच्याकडेच पट्टी दिली आहे. आता तोच "बार्ड, तू! पॅलाडिन, तयार राहा!" असं पात्रांच्या प्रकारांवरून पुकारतो.

तयार राहण्यासाठी आमच्याकडे एक लाकडी भोवरा आहे. ज्याची पाळी चालू आहे त्याच्यासमोर नाही, ज्याची पुढची आहे त्याच्यासमोर तो ठेवायचा. भोवरा समोर आला की मंत्र शोधायला, फासे हातात घ्यायला सुरुवात. पाळी आल्यावर विचार सुरू होणं आणि पाळी येईपर्यंत विचार झालेला असणं, यात प्रत्येक खेळाडूमागे मिनिटभराचा तरी फरक पडतो. सहा जण आणि पाच फेऱ्या धरा. मिनिटभराचं वाळूचं घड्याळही मी एकेकाळी वापरलं होतं, पण नवीन खेळाडू त्यानं बावचळतात आणि हाती लागेल तो हल्ला करून मोकळे होतात. भोवरा पुरतो.

आता "हा मघाचाच का?" सगळे गॉब्लिन सारखेच दिसतात तोवर हा प्रश्न संपत नाही, म्हणून प्रत्येकावर आकडा हवा. इथे नाण्यांची गोष्ट सांगते, कारण सगळ्यांना आधी कॅरमच्या सोंगट्या आठवतात. लढाईच्या नकाशावरचा चौकोन एक इंचाचा असतो, म्हणजे २५.४ मिलिमीटर. कॅरमची सोंगटी साधारण ३० ते ३२ मिलिमीटरची, त्यामुळे दोन सोंगट्या शेजारी आल्या की एकमेकींना ढकलतात आणि चार जमल्या की कोण कुठल्या चौकोनात आहे तेच कळत नाही. पाण्याच्या बाटल्यांची बुचंही एका इंचाहून मोठी. दोन रुपयांचं नाणं, २०११ च्या मालिकेतलं, मात्र नेमकं २५ मिलिमीटरचं आहे. चौकोनात अलगद बसतं, वजनामुळे पंख्याच्या वाऱ्यानं हलत नाही, आणि वर कागदाची गोल चिठ्ठी चिकटवून आकडा लिहिता येतो. त्याच मालिकेतलं एक रुपयाचं २२ मिलिमीटरचं, छोट्या जीवांना चालतं. दहाचं २७ चं, ते नको.

तोच आकडा माझ्या कागदावर. पण कागदावर मी हिट पॉइंट, म्हणजे जिवाचा उरलेला जोर, वजा करत नाही, लागलेला मार वर-वर मिळवत जाते. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकातल्या साध्या गॉब्लिनचे ७ हिट पॉइंट. क्रमांक ३ ला ४ लागले, लिहायचे ४. पुन्हा ५ लागले, झाले ९, सातच्या पुढे गेलं, मेला. ५९ हिट पॉइंटच्या ओगर या थोराड राक्षसातून १३, मग ८, मग १७ वजा करत बसण्यापेक्षा बेरीज डोक्यात भरभर होते आणि चुका कमी होतात. किराणा दुकानातला माणूसही बिल बेरजेनंच करतो. आमच्याकडे ही बेरीज आता बार्ड खेळणारी मुलगी करते. मी एकूण आकडा कागदाच्या घडीत लपवून ठेवते, ती फक्त लागलेला मार लिहिते.

अर्धा जोर संपला की त्या मिनीवर किंवा नाण्याखाली लाल रबर. चौथ्या आवृत्तीत, २००८ साली, याला ब्लडीड असं नावच होतं. मधल्या काळात ते नियमांतून गेलं आणि २०२४ च्या सुधारित पुस्तकात परत आलं. तुम्ही कुठलीही आवृत्ती खेळा, हे रबर ठेवाच. "अजून किती राहिलंय?" याचं नेमकं उत्तर खेळाडूंना द्यायचं नसतं, पण समोरचा ओगर लंगडायला लागलाय एवढं त्यांच्या पात्रांना दिसणारच. रबर तेवढंच सांगतं.

मिनींचं म्हणाल तर तुम्ही साताऱ्यात आहात, तुमच्याइतकी सोय कुणाचीच नाही. दिवाळीत किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे बाजारात येतात, त्यातले सगळ्यात लहान उचला. सण संपत आला की उरलेला माल दुकानदार कमी भावात देतो. मावळ्याची बैठक बहुतेक वेळा एक इंचात बसते. मोजायला पट्टी घेऊन जा, लाजू नका. हत्ती, बैलगाडी, तोफ यांची बैठक मोठी असते. हत्ती दोन बाय दोन चौकोनांत छान बसतो, म्हणजे तो आमचा ओगर. वाघ म्हणजे वाघ. डोक्यावर घागरी घेतलेली गवळण आमच्याकडे सोडवून आणायची गावकरी असते, आणि खेळाडू तिच्यासाठी जितक्या जिवावर उदार होऊन लढतात तितके राजकन्येसाठी कधी लढले नाहीत.

कुणाला वाटेल, हा कमीपणा झाला. अजिबात नाही. १९७४ साली हा खेळ छापला गेला तो मिनींच्या युद्धखेळांतूनच वर आलेला होता, पहिल्या नियमांत अंतरंही इंचांत दिलेली होती. आणि आज ज्यांच्या महागड्या मूर्ती विकल्या जातात ते आउलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर हे दोन प्राणी जन्मले ते हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून. खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक गॅरी गायगॅक्स, त्याच्या टेबलावर ती विचित्र खेळणी राक्षस म्हणून उभी राहिली आणि मागाहून त्यांना नियम मिळाले. आपल्या मातीच्या वाघाची जातकुळी तीच आहे.

मावळे घोट्यात आणि तलवारीच्या हातात मोडतात. कापसात गुंडाळून ठेवा. ज्यांना दिवाळीपर्यंत थांबायचं नाही त्यांनी जाड कागदावर चित्र छापून किंवा काढून ते १९ मिलिमीटरच्या बाइंडर क्लिपमध्ये उभं करावं आणि क्लिपच्या तारा काढून टाकाव्यात. लग्नपत्रिकांचा कागद यासाठी उत्तम, जाड असतो आणि घरात कधी संपत नाही.

नकाशा. यात मी पैसे घालवले आहेत, म्हणून जरा सावकाश सांगते. फ्लेक्स छापणाऱ्याकडे तीन बाय दोन फुटांची एक इंची चौकोनांची जाळी छापून घेणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. ३६ बाय २४ चौकोन, म्हणजे पाच फुटांना एक चौकोन धरून खेळातलं १८० बाय १२० फुटांचं मैदान, बहुतेक लढाया त्यात मावतात. माझा पहिला फ्लेक्स आला तेव्हा दिसायला झकास होता. घरी आणून मावळे मांडले आणि सगळं किंचित दाटल्यासारखं वाटायला लागलं. पट्टी लावली तर बारा चौकोन साडेअकरा इंचांत. छापणाऱ्यानं कडेला पांढरी जागा सुटावी म्हणून चित्र थोडं लहान केलं होतं, आणि त्याच्या दृष्टीनं त्यात काहीच चुकलेलं नव्हतं. जाहिरातीच्या फलकाला अर्ध्या इंचानं काय फरक पडतो? पण माझे मंत्रांचे, म्हणजे मंत्र किती जागेवर पडतो ते दाखवणारे, सगळे साचे खऱ्या इंचात कापलेले, ते एकही जुळेना. आता मी फाइलमध्येच एका कडेला बारा इंचांची काळी रेघ काढून ठेवते आणि पैसे देण्याआधी दुकानातच तिच्यावर फूटपट्टी ठेवते.

फ्लेक्सवर थेट मार्करनं लिहू नका, शाई आत मुरते. त्यावर जेवणाच्या टेबलावर घालतात ते जाड पारदर्शक प्लॅस्टिक पसरा, मीटरवर मिळतं. लिहायला व्हाइटबोर्ड मार्कर, आणि खेळ संपल्यावर त्याच रात्री पुसायचं. सकाळपर्यंत राहिलं तर भिंतींच्या फिकट खुणा कायमच्या उरतात. चुकून परमनंट मार्कर वापरला गेला तर त्याच रेघेवरून व्हाइटबोर्ड मार्कर फिरवा आणि ओलं असतानाच पुसा, बहुतेक निघून येतं. नाहीतर कापसावर सॅनिटायझर. आणि आमच्या सांगलीचा खास त्रास सांगते, भडंग. तेलकट बोट प्लॅस्टिकवर लागलं की तिथे मार्कर उमटतच नाही, कार्डांवर लागलं की डाग राहतो. आमच्याकडे भडंग चमच्यानं खायचं असा कडक नियम आहे. तुम्ही कंदी पेढे खात असाल तर हातरुमाल ठेवा.

साच्यांची मजा वेगळीच आहे. फायरबॉल या मंत्राची त्रिज्या २० फूट, म्हणजे व्यास ४० फूट, म्हणजे नकाशावर आठ इंच. माझ्या आईची भरतकामाची लाकडी रिंग आठ इंचांची निघाली. त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो. रिंग उचलायची, मिनींच्या डोक्यावरून खाली अलगद ठेवायची, आत कोण आहे ते सगळ्यांना दिसतं, वाद संपला. फॉग क्लाउड आणि सायलेन्सही २० फुटांचेच, त्यांना तीच रिंग, आणि ते मंत्र टिकतात तोवर ती टेबलावरच पडून राहते. डार्कनेसची त्रिज्या १५ फूट, त्याला सहा इंची. या रिंगा भरतकामाचं साहित्य मिळतं तिथे सगळ्या मापांत असतात. तुमच्याकडे मोती चौक, खणआळी पालथी घाला.

लहान वर्तुळाला बांगडी. बांगडीचं माप म्हणजे आतला व्यास, इंच आणि इंचाचे सोळावे भाग. २-४ ची बांगडी म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, सव्वादोन इंच. मूनबीमचा व्यास १० फूट, नकाशावर दोन इंच, त्याला ही बांगडी बेतानं बसते. हत्तीसारख्या दोन इंची बैठकीभोवतीही ती पडते. प्लॅस्टिकची किंवा धातूची घ्या, काचेची नको. आमच्याकडे एकदा उत्साहात फुटली आणि पुढचा अर्धा तास सगळे काचा वेचत होतो.

शंकूच्या आकाराचे मंत्र सगळ्यांना अवघड वाटतात. कंपासपेटीतला गुण्या ठेवून चालत नाही. पाचव्या आवृत्तीत शंकूची रुंदी टोकापासूनच्या अंतराइतकी असते, आणि त्या त्रिकोणाचा कोन ६० पेक्षा कमी, ५३ अंशांच्या आसपास येतो. करायचं असं. बर्निंग हँड्स १५ फुटांचा, म्हणजे तीन इंच. पुठ्ठ्याचा तीन इंची चौकोन कापा. एका बाजूचा मध्यबिंदू काढा. तिथून समोरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढा आणि बाजूचे दोन तुकडे कापून टाका. उरलेला त्रिकोण म्हणजे तुमचा मंत्र. तरुण लाल ड्रॅगनचा फूत्कार ३० फुटांचा, त्याला सहा इंची चौकोनातून. प्रौढ लाल ड्रॅगनचा ६० फुटांचा, त्याला बारा इंची. तो बारा इंची लाल पुठ्ठा मी लढाई सुरू होण्याआधीच टेबलाच्या कडेला ठेवते. पात्रं लगेच एकमेकांपासून लांब उभी राहायला लागतात.

सरळ रेषेच्या मंत्रांना शिंप्याची टेप. एका बाजूला इंच असतात, ६० इंच लांब. लाइटनिंग बोल्ट १०० फुटांचा, वीस इंच. भिंतीआडून नेम लागतो की नाही यासाठी काळ्या दोऱ्याचा रीळ. हल्ला करणाऱ्याच्या चौकोनाचा एक कोपरा निवडायचा आणि तिथून समोरच्याच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांपर्यंत दोरा ताणून बघायचा. एक किंवा दोन रेषा अडल्या तर अर्धा आडोसा, एसीला २ मिळतात. तीन किंवा चार अडल्या आणि तरी बाण पोचू शकत असेल तर पाऊण आडोसा, ५ मिळतात. काडेपेट्यांच्या भिंती करून किल्ल्याचा गोमुखी दरवाजा एकदा मांडून बघा. दोरा ताणल्यावर लक्षात येतं की आत शिरणाऱ्याला दरवाजा शेवटच्या वळणापर्यंत दिसतच नाही आणि वरच्याला मात्र आत शिरणारा सतत दिसत असतो. आमच्या पोरांनी त्या दिवसानंतर गडावर जाऊन दरवाजाच्या दोन्ही बुरुजांमध्ये उभं राहून वर बघितलं.

आता ज्यांच्यामुळे नियम आपोआप पाळले जातात अशा दोन वस्तू. माझ्या मते सगळ्या डब्यात त्यांच्याइतकं मोलाचं काही नाही.

पहिली जोकर. पत्त्यांच्या कॅटमधले जोकर मंत्र टाकणाऱ्या प्रत्येकाला एकेक. कॉन्सन्ट्रेशनचा मंत्र टाकला की जोकर समोर उताणा. एका वेळी एकाच मंत्रावर लक्ष ठेवता येतं आणि जोकर एकच आहे, त्यामुळे दुसरा मंत्र टाकताना पहिला सुटला हे सांगावं लागत नाही. मार लागला की माझी नजर आधी जोकरकडे जाते. त्याच्यावर मी मार्करनं लिहिलं आहे: "१० किंवा माराचा अर्धा भाग, जो मोठा तो." आधी हा सेव्ह, म्हणजे मंत्र टिकवायला टाकायचा फासा, आम्ही निम्म्या वेळा विसरायचो, तेही नेमके पात्राच्या फायद्याच्या वेळी. जोकरवर दहा बाजूंचा फासा ठेवायचा, १० वर. फेरी सहा सेकंदांची, मिनिटभराचा मंत्र दहा फेऱ्या टिकतो, दर पाळीला एक आकडा खाली. ब्लेस चालू आहे का, हा प्रश्न असा संपला. ज्या तिघांवर ब्लेस आहे त्यांच्या मिनीवर बाटलीच्या बुचाची एकेक कडी. कड्यांना रंगांवरून अर्थ ठरवत बसू नका. आमच्यातल्या एकाला लाल-हिरवा फरक कळत नाही, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. कडी म्हणजे "याच्यावर काहीतरी आहे" एवढंच, काय आहे ते जोकरवाला सांगतो. खाली पडलेल्या मिनीला कुठलीच खूण नको, तिला सरळ आडवी करा.

दुसरी कवडी. प्रत्येक खेळाडूसमोर एक, त्याच्या रिॲक्शनची, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत करायच्या एका झटपट कृतीची. वापरली की डब्यात टाकायची, स्वतःची पाळी सुरू झाली की परत उचलायची. "तू मघाशी संधी साधून वार केलास ना, मग आता शील्डचा मंत्र कसा?" हा संवाद आमच्या टेबलावरून गेला. प्रौढ ड्रॅगनसमोर मी तीन कवड्या ठेवते, त्याच्या लेजंडरी रेझिस्टन्सच्या. खेळाडूचा मोठा मंत्र त्यानं झटकून टाकला की एक कवडी सगळ्यांसमोर उचलते. आधी मी हे पडद्याआड करायचे आणि मंत्र टाकणारा हिरमुसून बसायचा. आता त्याला दिसतं की मंत्र वाया गेला नाही, तीनातलं एक चिलखत गळालं.

उडणाऱ्यांसाठी औषधाच्या बाटलीवर येतो तो पारदर्शक मापाचा कप पालथा घालून मिनी वर ठेवा. शेजारी फासा, दर आकड्याला दहा फूट उंची. फासे टाकायला स्टीलचं ताट, आत जाड कापड, नाहीतर शेजारी विचारायला येतात. हल्ल्याचा आणि माराचा फासा एकदम टाकायची सवय लावा. चार गॉब्लिन एकाच वेळी तुटून पडत असतील तर चार रंगांचे वीस बाजूंचे फासे एकाच मुठीत. याहून जास्त फाशांबद्दल सांगण्यासारखं नाही.

मोबाइलवरची ॲप मी लढाईत घेत नाही. ती वाईट नाहीत, पण मोबाइल हातात आला की त्यातून बाहेर यायला वेळ लागतो. तुमची तक्रारच ती आहे.

सगळं एका रविवारी आणू नका. पहिल्या वेळी चिमटे आणि आकड्यांची नाणी, एवढंच. दोन-तीन खेळांनी ते हातात बसलं की कवड्या आणि जोकर. साचे मंत्र टाकणाऱ्यांनी स्वतः कापून आणावेत, ज्याचा मंत्र त्याचा पुठ्ठा.

कवड्यांचा आणखी एक उपयोग शेवटी ठेवला आहे. पात्राचे हिट पॉइंट शून्यावर आले की डेथ सेव्ह सुरू होतात. १० किंवा जास्त पडलं तर यश, कमी पडलं तर अपयश. १ पडला तर दोन अपयशं, २० पडला तर पात्र एका हिट पॉइंटवर उठून बसतं. तीन यशांवर जीव टिकतो, तीन अपयशांवर जातो. आम्ही हे कवड्यांनी मांडतो, यशाची उताणी, अपयशाची पालथी. पूजेच्या साहित्याच्या दुकानातून मध्यम आकाराच्या घ्या. फार लहान असतील तर लांबून उताणी-पालथी कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमचा पॅलाडिन पुलावर पडला. क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारं पात्र, दोन चौकोन लांब, मध्ये ओगर. पॅलाडिन खेळणाऱ्या मुलीनं आडव्या मावळ्यासमोर पहिली कवडी उताणी ठेवली. पुढच्या पाळीला पालथी. मग पुन्हा पालथी. मग उताणी. चारही कवड्या ओळीत, आणि चिमटे पुकारणारा मुलगाही गप्प. भोवरा तिच्यासमोर आला तेव्हा कुणीच त्याला हात लावला नाही. तिनं फासा ताटात टाकला, कापडावर तो आवाज न करता फिरला आणि अकरावर थांबला. पाचवी कवडी तिनं उताणी ठेवली, आणि क्लेरिकच्या खेळाडूनं श्वास सोडून स्वतःच्या चिमट्याकडे बघितलं, कारण आता त्याची पाळी होती आणि ओगर अजून पुलावरच होता.